शेतावरचे तेलाचे पिंप

विहिरीवर पहिल्यांदा ऑइल इंजिन बसले त्या दिवसाची गोष्ट सांगणारी म्हातारी माणसे अजून गावोगाव भेटतात. नारळ फुटला, कोणा धिप्पाड गड्याने हँडल मारले, धूर निघाला, आणि पन्हाळीतून बोटभर नव्हे तर मनगटाएवढी धार पाटात पडली. मोटेचे बैल त्या दिवशी धावेवरून मोकळे झाले. हे सगळे लोकांना आठवते. पण त्याच बैलगाडीतून आणखी एक वस्तू शेतावर आली होती, तिची आठवण कोणी काढीत नाही. ती वस्तू म्हणजे तेलाचे पिंप.

बैलाला वैरण लागते तसे इंजिनाला तेल लागते. वैरणीचे शास्त्र आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांचे. कडब्याची गंजी कशी रचावी, पाऊस आत कसा जाऊ देऊ नये, खाली दगड का घालावेत, हे शेतकऱ्याच्या पोरालाही न शिकवता येते. तेल कसे ठेवावे हे मात्र कुणाच्या आजोबांनी सांगितलेले नव्हते. यंत्र आले, पण त्याच्या वैरणीचे शास्त्र मागे राहिले. ते शेतावर कसे पोचले आणि कुठे पोचलेच नाही, याची ही हकिकत आहे.

तेलावर चालणाऱ्या इंजिनाचा इतिहास दोन माणसांपासून धरावा लागतो. एक इंग्लंडातला हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट. त्याने १८९० साली पेटंट घेतले आणि ग्रँथम गावच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून त्याची इंजिने विकायला काढली. या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ कंद असे. सुरू करण्यापूर्वी तो बत्तीने लालभडक तापवायचा. मग तेल त्यात पडले की पेटायचे. चाल मंद, दाब थोडा, यंत्र बोजड. परंतु स्वभावाने अगदी गरीब गाईसारखे. जाडेभरडे, गढूळ तेल घातले तरी फारशी कुरकुर करीत नसे.

दुसरा माणूस रुडॉल्फ डिझेल. जन्म १८५८ चा, पॅरिसमधला, आईबाप जर्मन. हवा नुसती जोराने दाबली तरी इतकी तापते की तेल आपोआप पेटते, बत्तीची गरजच नाही, हा त्याचा विचार. १८९७ साली ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचे इंजिन नीट चालले. जळणातल्या शक्तीपैकी सुमारे चौथा हिस्सा ते कामाला लावी. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना त्याच्या निम्मेही साधत नसे. १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात या जातीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल, कारण भुईमुगाचे तेल डिझेलमध्ये जाळणे त्याला कधी परवडले नसते! डिझेलचा शेवट मात्र दुःखाचा झाला. १९१३ च्या सप्टेंबरात तो बोटीने इंग्लंडला निघाला आणि वाटेत रात्री नाहीसा झाला.

आता आपल्या विषयाचा कळीचा मुद्दा. डिझेलच्या पहिल्या इंजिनांत तेल आत ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरीत. त्या हवेसाठी वेगळा पंप, वेगळ्या टाक्या. हे अवजड धूड कारखान्यात शोभे, जहाजात शोभे. विहिरीच्या थारोळ्यावर ते बसणार कुठे? लहान इंजिन करायचे तर हवेचा झोत काढून टाकून तेलच जबर दाबाने बारीक छिद्रांतून उडवायला हवे होते. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली असा तेलपंप मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. पुढे इंग्लंडातल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचे मंद चालीचे, दोन फ्लायव्हीलचे, पाच अश्वशक्तीचे इंजिन १९३० च्या सुमारास बाजारात आले. त्याच्या धर्तीवरची इंजिने आपल्या देशात इतकी झाली की पुष्कळांना तो घाट देशीच वाटतो.

या लहान पंपाच्या पोटात काय आहे ते पाहू. एक पोलादी दांडी आणि तिच्यावर बसणारी नळी. मिस्त्री लोक या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची, जेमतेम दोन-तीन भाग. आपल्या डोक्याचा केस या हिशेबाने साठसत्तर भाग जाड. आता हिशेब करा. मिनिटाला सहाशे फेरे घेणारे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा तेल घेते, म्हणजे मिनिटाला तीनशे वेळा, तासाला अठरा हजार वेळा. तासाभरात ते साधारण लिटर-सव्वा लिटर तेल पिते. म्हणजे प्रत्येक वेळी जाणारे तेल किती? साधारण एक थेंब! तो एक थेंब शंभर वातावरणांहून अधिक दाबाने नोझलच्या छिद्रांतून फवारला जातो. आणि गंमत अशी की, एलिमेंटला वंगण दुसरे कसलेच नाही. ते तेलच वंगण. त्या तेलात मातीचा कण असला तर तो कानशीसारखा पोलाद घासतो. पाणी असले तर वंगण तुटते, गंज धरतो, दांडी जागच्या जागी अडकते.

म्हणजे झाले असे की, अ‍ॅक्रॉइडचे गरीब इंजिन जाऊन बॉशच्या पंपाचे चोखंदळ इंजिन शेतावर आले. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत. शेतकऱ्याने तेल मात्र पूर्वीसारखेच, गळक्या डब्यातून, जुन्या धोतराच्या फडक्यातून ओतले.

महाराष्ट्रात या इंजिनाची मुळे चांगली खोल आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथे नांगर झाले, पुढे पंप झाले. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकातच देशी डिझेल इंजिन तयार केले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य मंत्रीही होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. तेलपंप आणि नोझल मात्र कितीतरी दिवस परदेशातून येत. १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि पुढे हे नाजूक भाग देशात होऊ लागले. मुंबईजवळ तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धी कारखाने चालू झाले. इंजिन देशी, तेलही देशातच शुद्ध केलेले. पंचगंगा-कृष्णेच्या काठाने ऊस वाढला त्यात या इंजिनांचा वाटा मोठा आहे.

शुद्धी कारखान्यातून निघालेले तेल स्वच्छच असते. घाण शिरते ती वाटेत, आणि सर्वांत जास्त शिरते ती आपल्या वस्तीवर. दोनशे लिटरचे पिंप आपण उभे ठेवतो. त्याच्या वरच्या झाकणाला कड असते, तिच्यात पावसाचे पाणी थाळीतल्यासारखे साचते. दिवसा उन्हाने पिंप तापले की आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री थंडी पडली की पिंप श्वास आत घेते. त्या श्वासाबरोबर बुचावर साचलेले पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि पिंप रोज घोटघोट पाणी पीत असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९० साली कुवेतवर हल्ला झाला आणि तेल मिळेल न मिळेल अशी आवई उठली, तेव्हा आमच्या वडिलांनी एक पिंप भरून आंब्याखाली ठेवले होते. पुढच्या पावसाळ्यात ते तसेच उभे राहिले. रब्बीत उघडले. गहू ओंबीत आलेला, शेवटची दोन पाणी राहिलेली. इंजिन तासभर चालले, दोनदा शिंकले आणि बंद पडले. एलिमेंट अडकला होता. तालुक्याहून तो आणून बसवेपर्यंत आठ दिवस गेले. त्या वर्षीचा गहू जात्यात घातला तर कोंडाच जास्त निघे. आईने त्यावर कधी शब्द काढला नाही, पण भाकरीच्या दिवसांत पोळी मागितली की ती वडिलांकडे पाही.

आडवे पिंप हा यावरचा जुना आणि स्वस्त उपाय. छपराखाली लाकडी किंवा लोखंडी घोडी करून तिच्यावर पिंप आडवे निजवायचे. तोटी बसवलेली बाजू तीन-चार बोटे उंच, मागची बाजू खाली. पाणी व गाळ मागच्या कोपऱ्यात उतरतो आणि तोटीला निवळ तेल येते. तळाचे शेवटचे तेल इंजिनाला घालायचे नाही. पिंप रिकामे झाले की ते काढून टाकायचे.

‘निवळणे’ हा शब्द आपल्या विहिरींनी दिला आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, निवळीचे बी उगाळतात. तेलाला असे बी नाही. त्याला वेळच द्यावा लागतो. किती? हिशेब केला तर मिलिमीटरचे पाच हजारांश भाग एवढा मातीचा कण स्तब्ध डिझेलमध्ये दिवसभरात सुमारे हातभर खाली जातो. दोन हजारांशाचा कण मात्र चारच बोटे उतरतो. म्हणून गाडीवरून उतरवलेले पिंप निदान एक-दोन दिवस हलवू नये, आणि तेवढ्यानेही अगदी बारीक कण राहतातच हे लक्षात ठेवावे. ते अडवायला इंजिनावरची गाळणी. पूर्वी ती नमद्याची आणि कापडाची असे, नंतर घड्या घातलेल्या कागदाची आली. ही कागदाची गाळणी पेट्रोलने धुऊन, फुंकून परत बसवणारे पुष्कळ आहेत. धुतल्याने तिची छिद्रे रुंदावतात, फाटही पडते, आणि मग ती असून नसल्यासारखी. शंभर-दोनशे रुपयांच्या गाळणीसाठी हजारोंचा पंप घालवण्यात काय शहाणपण आहे, ते मला कळलेले नाही.

आणखी एक खोड जस्ती भांड्यांची. पाण्याला उत्तम म्हणून जस्ताचा मुलामा असलेली बादली आपण तेलालाही वापरतो. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा चिकटा धरतो आणि गाळणी तुंबते. साधे लोखंडी पिंप बरे. तेलपाण्याच्या सीमेवर एक जातीची बुरशीही वाढते. विमानांच्या टाक्यांत तिने पूर्वी बराच त्रास दिला. पाणीच नसेल तर तिला राहायला जागा नाही.

शिक्षक मंडळींना हे वर्गात सहज दाखवता येईल. काचेच्या बाटलीत पाऊण भाग डिझेल, चमचाभर पाणी, चिमूटभर माती घालून हलवा आणि खिडकीत ठेवा. मुले दुसऱ्या दिवशी स्वतःच तीन थर मोजतील. मात्र बाटली विस्तवापासून दूर, आणि प्रयोगानंतर ती कपाटात बंद.

साठवणीला कायद्याची बाजूही आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येते. एका जागी २५०० लिटरपर्यंत, आणि कोणतेही भांडे १००० लिटरांहून मोठे नसेल, तर साठ्याला परवाना लागत नाही. शेतकऱ्याच्या एकदोन पिंपांना त्यामुळे भीती नाही. पेट्रोलला हे नियम लागू नाहीत, ते फार कडक आहेत. दोहोंची गल्लत करू नये.

टंचाईने साठवणीची सवय लावली हे खरे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी खोल गेल्या, इंजिनांना जास्त तास पळावे लागले, आणि लगोलग १९७३ च्या अखेरीस जगभर तेल भडकले. त्या दिवसांत पिंप म्हणजे कणगीसारखे वाटू लागले. पण कणगीतल्या धान्याला ऊन दाखवतात, पाखडतात. पिंपाकडे कोणी वळून पाहिले नाही.

आज विहिरीवर बहुतेक ठिकाणी वीज आहे, कुठे सूर्याच्या उन्हावर पंप चालतो. म्हणून हा विषय संपला असे मात्र नाही. पिंप आता ट्रॅक्टरसाठी आहे. २०२० च्या एप्रिलपासून देशभर जे डिझेल मिळते त्यात गंधक दहा लाखांत दहा भागच उरले आहे. २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले, आणि त्यांतल्या पुष्कळांत कॉमन रेल पद्धत आली. तिच्यात दाब शंभर नव्हे, हजार-दीड हजार वातावरणांचा. जुना एलिमेंट तालुक्याला मिळे आणि मिस्त्री झाडाखाली बसून तो बदली. नव्या ट्रॅक्टरचे इंजेक्टर झाडाखाली उघडता येत नाहीत, आणि त्यांची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

आमच्या वडिलांनी त्या गव्हानंतर दोन पिंपे केली. दोन्ही आडवी, गोठ्याच्या पडवीत. एकातले वापरायचे, दुसरे निवळत ठेवायचे; ज्या दिवशी भरले ती तारीख खडूने लिहायची. इंजिन मोडीत गेले त्याला पुष्कळ वर्षे झाली. घोडी अजून तीच आहे. आता तारीख माझा पुतण्या लिहितो.