जुन्या मोटारीची नवी चाकं : एमजीबीच्या निमित्तानं



मागच्या व्याख्यानात आपण मिलिंद राजाच्या रथापाशी थांबलो होतो. राजा रथातून आला, आणि नागसेन भिक्षूनं विचारलं : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? दांडा? प्रत्येकाला 'नाही' म्हणता म्हणता राजा अडकला. या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ, इथवर आपण आलो. तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला होता : मग चाकं बदलली तर? त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न आमच्यासाठी नुसता पुस्तकी नाही. वेळेवर न बदललेल्या एका चाकापायी आमचा जीव जायची वेळ आली होती.

आमचा पुतण्या बर्मिंगहॅमला असतो. त्याच्याकडे १९६३ सालची एमजीबी आहे. ही उघड्या टपाची दोन आसनी मोटार १९६२ मध्ये बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत होती. एकूण पाच लाखांवर गाड्या निघाल्या. इंग्रजांनी केलेल्या स्पोर्ट्स कारपैकी सर्वसामान्याला परवडणारी म्हणून ती लाडकी. पुतण्याच्या गाडीला तारांची चाकं आहेत, प्रत्येकात साठ आरे. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीत बसून अ‍ॅबिंग्डनला निघालो. निघण्यापूर्वी त्यानं कौतुकानं दाखवलं, "काका, टायरची नक्षी बघा, नवीच आहे जणू." नक्षी खरोखरच खोल होती. वार्षिक तपासणीतही गाडी पास झालेली.

महामार्गावर ताशी साठ मैलांना मागून ढोल बडवल्यासारखा आवाज सुरू झाला. पुतण्या म्हणाला, रस्ता खराब आहे. रस्ता खराब नव्हता. क्षणात मागच्या डाव्या टायरवरची नक्षीची पट्टी सालपटासारखी सुटली, गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेली आणि कडेला जाऊन थांबली. शेजारून ट्रक जात होते. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

नंतर टायर पाहिलं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे होते : २३०१. २००० सालापासून हे चार आकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २००१ सालचा तेविसावा आठवडा. टायर पंधरा वर्षांचं होतं. वर्षाला फार तर हजार मैल धावलेलं, म्हणून नक्षी शिल्लक. रबर मात्र गाडी उभी असतानाही म्हातारं होतं; हवेतला प्राणवायू त्याला आतून कडक करतो, थरांमधली पकड सुटते. हौशी मोटारींचं दुखणं हेच, की त्यांची टायरं झिजून मरत नाहीत, वयानं मरतात. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडात एका प्रवासी बसचं पुढचं टायर फुटून तीन माणसं गेली. ते टायर एकोणीस वर्षांहून जुनं होतं आणि नक्षी कायद्यात बसणारी होती. बराच झगडा झाला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथं ट्रक-बसच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुनं टायर घालायला बंदी आली. खासगी मोटारींना ही बंदी नाही. तिथं मालकाची सदसद्विवेकबुद्धी!

आता नवं काय घालायचं? इथून खरा इतिहास सुरू होतो.

बैलगाडीचं चाक आठवा. तुंबा, आरे, पाटे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. त्यात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. आरा म्हणजे खांब. तारेच्या चाकात तार खांब होऊच शकत नाही, ती वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात, आणि भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. आपले सायकलवाले 'चाकाचा आऊट काढतात' तेव्हा हाच ताण जुळवतात. कॉव्हेंट्रीची रज-व्हिटवर्थ ही मुळात सायकलींची कंपनी. १९०८ च्या सुमारास तिनं मोटारीसाठी मधल्या एकाच नटावर निघणारं तारांचं चाक आणलं. आतल्या दातेरी आसावर चाक सरकवायचं आणि कानाचा नट तांब्याच्या हातोड्यानं ठोकून आवळायचा. गाडीच्या उजव्या बाजूला या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे चाक पुढे फिरताना नट आवळत जातो. डावे-उजवे तुंबे चुकून अदलाबदल झाले तर चाक स्वतःच निघून पुढं जाईल!

पुतण्याच्या चाकांचे दाते झिजून टोकदार झाले होते. नवे तुंबे आणि नवी चाकं दोन्ही लागली. झिजलेल्या तुंब्यावर नवं चाक घातलं तर तुंबा चाकाचे दातेही खातो. शिवाय आऱ्यांची टोकं रिममधून आरपार येतात, म्हणून आत ट्यूब लागते आणि ट्यूबखाली रबरी पट्टा.

टायरचा घोळ मात्र मोठा. हवेच्या टायरचं पेटंट आर. डब्ल्यू. थॉमसननं १८४५ मध्येच घेतलं होतं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्यानं मुलाच्या तीनचाकीसाठी ते नव्यानं शोधलं, आणि थॉमसनमुळे त्याचं पेटंट रद्द झालं. पुढे अर्धं शतक टायरातले धागे तिरके, एकमेकांना छेदत असत. मिशलिननं १९४६ मध्ये धागे आडवे, सरळ, वर पोलादी पट्टा, असं रेडिअल टायर पेटंट केलं. आमच्या एमजीबीचा जन्म या दोन युगांच्या उंबरठ्यावर. १९६२ मध्ये ती ५.६०-१४ च्या तिरक्या धाग्यांच्या टायरांवर विकली जाई. १५५-१४ चं रेडिअल मागितलं तर कारखाना देई.

म्हणजे 'मूळ' कोणतं? तिरक्या टायरांवर गाडी आधी हळू घसरते, चालकाला बरीच आगाऊ सूचना देते. रेडिअल अधिक धरतं, पावसात तर फारच, पण सुटतं तेव्हा पटकन सुटतं. दोन्ही मिसळायचीच असतील तर रेडिअल मागे. पुढे रेडिअल आणि मागे तिरकं, हे इंग्लंडात बेकायदाच आहे, कारण वळणावर मागची बाजू आधी निसटते.

पुतण्याच्या मित्रांचा आग्रह रुंद टायरांचा. गणित करून पाहिलं. १६५/८० आर १४ ची उंची साधारण ६२० मिलिमीटर, १८५/७० आर १४ ची ६१५. जवळपास सारखीच, म्हणून मोह होतो. पण तारेच्या साडेचार इंची रिमला १८५ म्हणजे अगदी कडेवरचं माप. मडगार्डला घासू शकतं, आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग आणखी जड होतं. कुणी १५ इंची मिश्रधातूची चाकं आणि १९५/५० सुचवली. त्याची उंची ५७६. मग वेगदर्शक सातेक टक्के जास्त दाखवणार, इंजिन जास्त फिरणार. दिसायला मात्र झोकदार, हे मान्य.

आम्ही तत्त्वज्ञानाचे, आमचा कल कारखान्यानंच देऊ केलेल्या रेडिअलकडे. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीवरून खटला झाला. १९२९ आणि १९३० ची ले मान्स शर्यत जिंकलेली ती गाडी, पण मूळ भाग जवळजवळ उरले नव्हते. एक कोटी पौंडांचा व्यवहार अडला होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी ती अस्सल ठरवली, कारण तिचा इतिहास कुठेही तुटला नव्हता. नागसेनानं कदाचित मान हलवली असती; आमचं न्यायमूर्तींशी थोडं भांडण आहे, पण ते पुढच्या वेळी.

शेवटी १५५ ची चार रेडिअल टायरं, चार ट्यूबा, आणि खरेदीआधी प्रत्येकाचे चार आकडे दुकानात वाकून वाचले. दुकानदाराला ते फारसं रुचलं नाही. सगळं बसवून झाल्यावर आम्हाला स्टेपनीची आठवण झाली. हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावरच अडकवायचं जादा चाक काढलं. पुतण्यानं डिकी उघडली. तिथलं टायर काळंभोर, एकदाही रस्त्यावर न आलेलं. आम्ही चष्मा काढून भिंतीवरचा शिक्का पाहिला. आकडे तीनच होते, म्हणजे दोन हजार सालाआधीचं. पाचवं टायर घ्यायला आम्ही दोघं पुन्हा त्याच दुकानात गेलो.