टोकियो, १० मार्च १९४५ : आधी आग, मग भोंगा

हिरोशिमाच्या पाच महिने आधी टोकियोत एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली, तीही अणुबॉम्बशिवाय. त्या रात्रीची तयारी फार आधीपासून चालली होती.

१९४३, युटा
अमेरिकी लष्कर डगवेच्या वाळवंटात एक जपानी वस्ती उभारते. लाकडी घरे, आत गवती चटया. ती पुन्हा पुन्हा पेटवून एम-६९ या आगबॉम्बची परीक्षा घेतली जाते. पावणेतीन किलोच्या आसपासची षटकोनी नळी, मागे कापडी फिती, पोटात नेपाम हे चिकटून जळणारे इंधन. कारखाना उडवायला अशा नळीचा उपयोग नाही; ती घरे पेटवण्यासाठीच आहे.

९ मार्च, सायंकाळी ५.३५, ग्वाम
पहिले बी-२९ बॉम्बफेकी विमान उडते. ग्वाम, सायपान आणि टिनियन या बेटांवरून मिळून ३३४ विमाने निघतात. उंचावरून नेम साधत नाही, म्हणून जनरल कर्टिस लमे यांनी ती ५ ते ९ हजार फुटांवरून न्यायला सांगितले आहे. बॉम्ब जास्त मावावेत म्हणून बहुतेक मशीनगनही उतरवल्या आहेत.

रात्री १०.३०, टोकियो
सावधानतेचा इशारा होतो. पुढे विमाने लांब गेल्यासारखी वाटतात आणि लोक अंथरुणाला पाठ टेकतात. बाहेर वारा सोसाट्याचा आहे. शहर सोडायला मनाई करण्याचा अधिकार सरकारने १९४१ मध्येच कायद्याने घेतला आहे. आग लागली तर शेजाऱ्यांनी बादल्यांनी विझवायची, हीच लोकांना मिळालेली शिकवण.

मध्यरात्र, १२.०८
पहिले बॉम्ब पडतात. पुढच्या विमानांना दिसावे म्हणून आगीची खूण आखली जाते. आत येतात असाकुसा, होंजो, फुकागावा : कष्टकऱ्यांच्या दाटीवाटीच्या वस्त्या.

१२.१५
आता हल्ल्याचा भोंगा वाजतो. सात मिनिटे उशिरा.

१ ते २.३०
वाऱ्याने आगी एकमेकींना मिळतात. संरक्षणासाठी डोक्यावर घेतलेल्या कापसाच्या टोप्याच पेट घेतात. पाठीवर बांधलेले बाळ पेटल्याचे पळणाऱ्या आईला कळत नाही. सुमिदा नदीवरच्या कोतोतोई पुलावर दोन्ही काठांचे लोक समोरासमोर येऊन अडकतात आणि ज्वाळा पुलावरून फिरतात. नदीत उडी घेतलेले कित्येक बुडून आणि गारठून मरतात. मेइजी-झा नाट्यगृहात आसरा घेतलेले आतच संपतात.

२.३७
धोका टळल्याचा इशारा होतो. आग मात्र धुमसतच राहते.

सकाळ
पोलीस छायाचित्रकार कोयो इशिकावा जळक्या रस्त्यांवरून फिरत फोटो घेतात. सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर राख झाले आहे, अडीच लाखांहून अधिक इमारती गेल्या आहेत, दहा लाख लोक बेघर आहेत. अमेरिकेची १४ विमाने पडली.

या रात्रीचे समर्थन आजही होते. घराघरांत युद्धसामग्रीचे सुटे भाग बनत होते, जपाननेही चीनमधल्या चुंगकिंगवर वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले होते, युद्ध लवकर संपवायचे होते. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत आणि तिसऱ्यामागची निकडही खरी होती. तरीही राज्यकर्त्यांचे पाप पाठीवरच्या बाळाच्या माथी मारता येत नाही. चुंगकिंगचा सूड होंजोतल्या बाईवर उगवल्याने न्याय होत नाही, अन्यायाची बेरीज होते. हरलो असतो तर युद्धगुन्हेगार ठरलो असतो, असे लमे म्हणाल्याचे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या रॉबर्ट मॅकनामारा यांनी पुढे सांगितले.

नागरी वस्तीवर विमानातून आगबॉम्ब टाकण्यास १९८० मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने मनाई केली. त्याआधी १९६४ मध्ये जपान सरकारने लमे यांना, आपले नवे हवाई दल उभारायला मदत केल्याबद्दल, मानाचे पदक दिले होते. माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना सरकारी पेन्शन मिळाली. त्या रात्री होरपळलेल्या नागरिकांनी भरपाईसाठी कोर्टाचे दार ठोठावले, तेव्हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले.