कॅसेटमधील भीमगीते : स्मरणरंजन आणि सति

सन १९८५ ते १९९५ या दशकातील लोकप्रिय गीतांविषयी सध्या सर्वत्र मोठी ओढ दिसून येते. त्या काळी जे तरुण होते ते आज साठीच्या आसपास पोहोचले आहेत. त्यांना त्या वेळची चित्रपटगीते आठवतात, टेपरेकॉर्डर आठवतो, पेन्सिल घालून गुंडाळलेली फीत आठवते. आंबेडकरी बौद्ध समाजही या ओढीस अपवाद नाही. मात्र आपल्या वस्त्यांत त्या दिवसांची आठवण निघते तेव्हा ती प्रामुख्याने भीमगीतांच्या आणि बुद्धगीतांच्या कॅसेटची असते. चौदा एप्रिलच्या पहाटे वस्तीत कर्ण्यावरून येणारा आवाज आणि चैत्यभूमी व दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांशेजारी मांडलेल्या कॅसेटींची दुकाने हा एका संपूर्ण पिढीचा समान ठेवा आहे.

या ओढीला मराठीत स्मरणरंजन असे म्हणतात. ‘रंजन’ आणि ‘राग’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत, हे पालीच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. त्याचप्रमाणे ‘सति’ या पाली शब्दाचा मूळ अर्थही स्मृती असाच आहे. संयुक्त निकायात सति-इंद्रियाचे लक्षण सांगताना, फार पूर्वी केलेले आणि बोललेलेही जो आठवू शकतो तो स्मृतिमान, असे म्हटले आहे. म्हणजे आठवण दोन प्रकारांनी करता येते. एकीत मन रंगून जाते; दुसरीत काय घडले, कोणी केले, कशासाठी केले, हे जागेपणी ध्यानात ठेवले जाते. कॅसेटच्या काळातील आपल्या गीतांचे स्मरण आपण कोणत्या प्रकाराने करीत आहोत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जलशाकडून कॅसेटकडे

आंबेडकरी गीताचा उगम कॅसेटमध्ये नाही. सत्यशोधक जलशांच्या परंपरेतून आंबेडकरी जलसे उभे राहिले आणि १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी चळवळीचा विचार गावोगाव नेला. कर्डकांनीच पुढे १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या ग्रंथात हा इतिहास नोंदवून ठेवला. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांना शालेय शिक्षण लाभले नाही. मुंबईत आल्यानंतर त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि १९४३ पासून अखेरपर्यंत ते गीते रचीत व गात फिरले. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. गाणारा कवी हा साहित्यिकच होय, या गोष्टीस त्या दिवशी मान्यता मिळाली.

या प्रवाहाला ऐंशीच्या दशकात नवे वाहन मिळाले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट भारतात घरोघर पोहोचण्यास बराच काळ लागला. त्यापूर्वी तबकडीचा जमाना होता आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची सत्ता होती. तबकडी तयार करण्यास मोठा कारखाना लागे आणि तिचे वादनयंत्र गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. कॅसेटची गोष्ट निराळी होती. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे नव्वद मीटर फीत असते, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर तिची नक्कल करता येते आणि लहान भांडवलावर हा व्यवसाय चालतो. १९८३ साली टी-सीरीजची स्थापना झाली. पाठोपाठ अनेक लहान कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की, या बदलामुळे ध्वनिमुद्रणातील मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक व लोकसंगीताला मोठी बाजारपेठ मिळाली.

ज्या समाजाजवळ ना वर्तमानपत्रे होती, ना आकाशवाणी, ना चित्रपटगृहे, त्याच्या हाती प्रथमच स्वतःचा आवाज साठविण्याचे आणि वाटण्याचे साधन आले. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे पहाडी आवाज, प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे यांची गाणी आता सभेची वाट न पाहता ऐकता येऊ लागली. केशकर्तनालयात, टेंपोत, हळदीच्या मांडवात, गिरणी कामगाराच्या खोलीत ती वाजू लागली.

गीतांमागील इतिहास

ही गीते ज्या वर्षांत वाजत होती ती वर्षे कोणती, हे स्मरणरंजन सहसा सांगत नाही. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर दर रविवारी रामायण मालिका दाखविली जात होती. त्याच १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला आणि त्यातील ‘रिडल्स’वरून वादळ उठले. राम व कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट वगळण्याच्या हालचालींविरुद्ध फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेचा विराट मोर्चा निघाला. एकीकडे शासकीय पडदा एक कथा सांगत होता आणि दुसरीकडे वस्तीतील कॅसेट दुसरा इतिहास सांगत होती. महाडचा १९२७ चा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा १९३० चा लढा, १४ ऑक्टोबर १९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन या घटना शाळेच्या पुस्तकात अल्प होत्या. गीतांत मात्र त्या तारीखवार होत्या. निरक्षर मातांनी आपल्या मुलांना बाबासाहेबांचे आणि रमाईचे चरित्र सांगितले ते बहुतांशी या गीतांच्या आधारे, हे नाकारता येणार नाही.

पुढे १९९० साली बाबासाहेबांना भारतरत्न देण्यात आले. त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देणारी दुरुस्ती झाली आणि ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. १४ एप्रिल १९९१ रोजी जन्मशताब्दी पूर्ण झाली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला होता. त्यासाठी घरे जळाली, माणसे मारली गेली आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या काळच्या गीतांतील आवेश या साडेपंधरा वर्षांतून आलेला आहे. तो आवेश बाजूला काढून केवळ ठेका आठवणे म्हणजे फळ टाकून साल जपणे होय.

धम्माची कसोटी

गीत-संगीताविषयी धम्माची भूमिका काय, असा प्रश्न उपासक विचारतात. अष्टशीलात नृत्य, गीत व वाद्य यांपासून विरती सांगितलेली आहे; ती उपोसथाच्या दिवसाची साधना आहे. तिपिटकात दुसरीही बाजू आढळते. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व राजगृहाजवळील इंदसाल गुहेत वीणा वाजवून गातो आणि तारांचा स्वर व गीताचा स्वर एकमेकांशी जुळला आहे, अशी प्रशंसा भगवंत करतात. सोण कुटिकण्ण स्थविरांनी अट्ठकवग्गाचे सस्वर पठण केले, तेव्हा त्यांची वाणी स्पष्ट व अर्थ प्रकट करणारी असल्याचे भगवंतांनी सांगितले. अंगुत्तर निकायात मात्र धम्म गाण्याच्या लांबलचक स्वरात म्हणण्याचे पाच दोष भिक्खूंना सांगितले आहेत : म्हणणारा आपल्याच स्वरात आसक्त होतो, ऐकणारे त्यात आसक्त होतात, गृहस्थ टीका करतात, स्वराची घडण साधण्याच्या नादात समाधी भंगते आणि मागून येणारे त्याचेच अनुकरण करतात.

हा उपदेश भिक्खूंना असला तरी त्यातून एक कसोटी मिळते. स्वर अर्थाची सेवा करतो की अर्थ स्वराखाली दबतो, ही ती कसोटी होय. तिच्यावर कॅसेटच्या काळातील गीते पारखली असता सर्वच खरी उतरत नाहीत. लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली घेण्याची प्रथा तेव्हा फार वाढली. तिला व्यावहारिक कारण होते : चाल परिचित असली की शब्द पहिल्याच श्रवणात लक्षात राहतात. परंतु कित्येकदा चाल मूळ चित्रपटाचीच आठवण करून देई आणि शब्द निसटून जात. याहून गंभीर दोष असा की, बाजाराची मागणी वाढताच काही गीतांनी बाबासाहेबांना अवतार करून टाकले. ज्या महामानवाने बावीस प्रतिज्ञांच्या द्वारे अवतारकल्पना नाकारावयास शिकविली, त्याचीच आरती गाणे ही विसंगती होती. आवडते गीत आहे म्हणून हा दोष झाकणे योग्य नाही. तथापि या दोषांमुळे तो संपूर्ण काळ टाकाऊ ठरविणे हाही तितकाच अन्याय होईल. शिक्षण, संघटन, व्यसनमुक्ती आणि पंचशील यांचा उपदेश त्याच कॅसेटींनी आमच्या घरात आणला.

शेवटचे कडवे

स्मरणरंजनाचा सर्वांत मोठा अपराध विस्मरणाचा आहे. गायकाचा आवाज लक्षात राहतो आणि कवीचे नाव गळून पडते. आपल्या परंपरेने यावर एक उपाय योजिला होता. कवी अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफीत असे. वामनदादांच्या गीतांतून येणारे ‘वामन’ हे नाव अशीच मुद्रा होय. छापील वेष्टण हरवले, कंपनीने कवीस श्रेय दिले नाही, नक्कल करणाऱ्याने कोरे कागद लावले, तरी गीताच्या पोटात कर्त्याचे नाव सुरक्षित राही. आज मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेवर ठेक्यासाठी गीत तोडून वाजविले जाते. त्यात अखेरचे कडवे गेले की कवीही गेला. थेरगाथा व थेरीगाथा यांतील बहुतेक गाथा कोणत्या स्थविराच्या वा कोणत्या स्थविरीच्या, हे संघाने शतकानुशतके नावानिशी जपले. आम्ही चाळीस वर्षांतील नावे गमावीत आहोत.

या विस्मरणात माणसेही हरवतात. शाहीर विलास घोगरे हे मुंबईच्या झोपडपट्टीत राहून श्रमिकांची गाणी करणारे कवी-गायक. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे : अवर सिटी’ या माहितीपटात त्यांचे गीत आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले आणि १५ जुलै रोजी घोगरे यांनी आपले जीवन संपविले. त्या काळाची गोड आठवण काढताना हे नाव उच्चारावेच लागेल. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा आणि २३ जून रोजी प्रल्हाद शिंदे निवर्तले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी विठ्ठल उमप यांनी दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात, रंगमंचावरच देह ठेवला. प्रथम श्रेणीचे साक्षीदार असे एकामागून एक गेले आहेत.

संगायनाची गरज

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात दुष्काळ व युद्ध यांमुळे मुखोद्गत परंपरा संकटात आली, तेव्हा आलुविहार येथे तिपिटक ग्रंथबद्ध करण्यात आले. विनयाच्या अट्ठकथेत असेही सांगितले आहे की, एके काळी महानिद्देस केवळ एकाच भिक्खूस पाठ होता आणि तो भिक्खू शीलवान नसतानाही ग्रंथ लुप्त होऊ नये म्हणून थेरांनी तो त्याच्याकडून शिकून घेतला. आज आपल्या कित्येक गीतांची स्थिती याहून वेगळी नसावी. एखाद्या घराच्या पेटाऱ्यात एकच प्रत, तीही बुरशी धरलेली. फितीवरील चुंबकीय थर काळाने झडतो, दमट हवेत फीत चिकटते, आणि ती वाजविणारी यंत्रे आता दुरुस्तीसही मिळत नाहीत.

म्हणून प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील जुन्या कॅसेटी जमा कराव्यात, असे आम्ही सुचवितो. जाणकाराकडून त्यांचे संगणकीय रूपांतर करून घ्यावे. प्रत्येक गीताचे संपूर्ण शब्द, विशेषतः अखेरचे कडवे, लिहून काढावे; कवी, गायक, ढोलकीवाला, कोरसमधील स्त्रिया यांची नावे वृद्धांस विचारून नोंदवावीत. पाठभेद असतील तर दोन्ही ठेवावेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर पौर्णिमेस एक तास या कामास दिला तरी पुष्कळ साधेल. नंतर ते गीत तरुणांसमवेत ऐकावे आणि ते कोणत्या प्रसंगी, कोणत्या लढ्यात जन्मले, हे सांगावे. जे धम्माशी विसंगत असेल त्याचीही चर्चा व्हावी. जपणे म्हणजे सर्व काही मान्य करणे असे नाही.

जलसाकारांनी कंदिलाच्या उजेडात जे गायले ते तबकडीने थोडे आणि कॅसेटने पुष्कळ आमच्यापर्यंत आणले. आता ते पुढे नेण्याची पाळी आमची आहे. हे काम हाती घेतले तर त्या काळाविषयीची आमची ओढ सतीच्या मार्गास लागेल आणि उद्याच्या मुलास गीताबरोबर ते रचणाऱ्याचे नावही ऐकू येईल.