हंस सारखा पिसांत चोच खुपसून का बसतो?

ब्रिटनमधल्या नद्या-तळ्यांवर दिसणारा पांढराशुभ्र मूक हंस बहुतेक वेळा एकाच कामात मग्न असतो. मान मागे वळवायची, चोच शेपटीच्या बुडाशी न्यायची आणि मग पंख, पोट, पाठ असं करत एकेक पीस चोचीतून ओढून काढायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय हा नखरा! पण हंसाचा जीव याच कामावर टिकून असतो.

हंसाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्यातलं मेणचट तेल तो चोचीने अंगभर पसरवतो. डोक्यापर्यंत चोच पोहोचणार कशी? मग तो डोकंच पाठीवर घासतो. तेलामुळे पिसं मऊ राहतात, लवकर मोडत नाहीत.

मात्र अंग कोरडं राहण्याचं सगळं श्रेय तेलाला देणं बरोबर नाही. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू असतात आणि त्या तंतूंना सूक्ष्म आकडे. हे आकडे झिपसारखे एकमेकांत अडकले की पाणी अडवणारा आणि आत हवा धरून ठेवणारा थर तयार होतो. चिखल, वारा, मारामाऱ्या यांनी ही झिप उसवते. पीस चोचीतून ओढलं की ती पुन्हा लागते. पिसं किती असावीत? उत्तर अमेरिकेतल्या एका टुंड्रा हंसाची पिसं मोजली गेली, तेव्हा आकडा निघाला २५,२१६! त्यातली सुमारे ८० टक्के एकट्या डोक्यावर आणि मानेवर होती.

बाकीचा दिवस खाण्यात आणि झोपण्यात जातो. लांब मान पाण्यात बुडवून तो तळाच्या वनस्पती खातो. तेवढ्यानेही भागलं नाही तर शेपूट वर करून उलटा होतो. झोपताना मान पाठीवर टाकून चोच पिसांत लपवतो. कधी पाण्यावर तरंगत, कधी काठावर एका पायावर उभा राहून.

(आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला येणारा ‘राजहंस’ हा खरं तर पट्टेरी डोक्याचा कादंब, म्हणजे बदकांच्या कुळातला वेगळा पक्षी. खरे हंस भारतात क्वचितच येतात.)

उन्हाळ्यात पंखांची मोठी पिसं एकदम झडतात आणि सुमारे सहा आठवडे हंसाला उडताच येत नाही. पिल्लं असलेल्या जोडीत आधी मादीची पिसं झडतात; तिची नवी पिसं बरीचशी आल्यावर नराची पाळी. त्यामुळे संकट आलं तर दोघांपैकी एकाला तरी उडता येतं.

माणसाने आणलेल्या संकटांपुढे मात्र ही सोय चालत नाही. अन्न दळण्यासाठी हंस बारीक खडे गिळतात. त्यांच्याबरोबर मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं पोटात जाऊन हंस विषबाधेने मरत. ब्रिटनने १९८७ पासून त्यातल्या बहुतेक आकारांच्या वजनांवर बंदी आणली, तेव्हा हंसांची संख्या सावरली.

तेलगळतीत तर हंसाची सवयच त्याच्यावर उलटते. तेलाने पिसं चिकटतात, थंड पाणी थेट कातडीला भिडतं. तो बिचारा पिसं साफ करू लागतो आणि तेच विषारी तेल पोटात जातं. अशा हंसाला वाचवणारे लोक भांडी घासायच्या द्रव साबणाने त्याला धुतात, पण लगेच नदीत सोडत नाहीत. स्वतःची पिसं स्वतः नीट लावून तो न भिजता तरंगू लागेपर्यंत त्याचा मुक्काम केंद्रातच असतो.