असईच्या आधीची बोलणी

जालना जिल्ह्यातील असई आपल्याला ठाऊक असते ती लढाईमुळे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्याआधी काही महिने चाललेल्या बोलण्यांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. शिंद्यांच्या छावणीतील इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स याची मागणी अशी की, शिंद्यांनी नर्मदेपार आणि भोसल्यांनी नागपूरला परतावे. दोघे उत्तर लांबवत राहिले. यशवंतराव होळकर येऊन मिळतील, ही आशा. इकडे जूनअखेरीस वेलस्लीला युद्ध आणि तह या दोहोंचे अधिकार मिळाले. ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. होळकर आलेच नाहीत.

डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले. शिंद्यांचे कारभारी विठ्ठलपंत वाटाघाटीत इतके मुरलेले, की पुढे फ्रान्सचा तालेराँ पाहून वेलस्लीला त्यांचीच आठवण झाली, आणि तेच अधिक चतुर वाटले. पण रणात गेलेला मुलूख चातुर्याने परतला नाही.

आम्हांला वाटते, सर्वांत निकडीची बोलणी शिंदे आणि होळकर यांच्यातली होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ एकमेकांशी लढलेल्या या दोन घराण्यांत ती वेळेवर पुरी झाली नाहीत. असईचा इतिहास वाचताना आपण तोफा मोजतो. ही उणीवही मोजायला हवी.