परवान्याविना उपदेशक

वाशिमचं नाव काढलं की कुणाला वत्सगुल्म आणि वाकाटक आठवतात, कुणाला शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, कुणाला कारंजा, कुणाला पोहरादेवी. तिथली ख्रिस्ती मंडळी सहसा कुणाला आठवत नाही. साहजिक आहे, संख्येनं ती फारच लहान. पण माझा आजचा प्रश्न लहान मंडळीतच नीट विचारता येतो. प्रश्न असा: देवाविषयी चारचौघांत बोलण्याचा अधिकार कुणाला?

आधी भूगोल बघू. इंग्रजांच्या काळात हे गाव 'बासिम'. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याचं ते मुख्य ठाणं होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला, आणि वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, तो अकोला-मूर्तिजापूरवरून. घाटावरचं वाशिम बाजूला राहिलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड पोळून निघाला. त्याच सुमारास बासिमला अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं ठाणं होतं. आता हिशेब करा. एक दीक्षित पाळक, बैलगाडीचे रस्ते, पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल. दर रविवारी प्रत्येक वस्तीत पाळक पोचणार कसा? नाहीच पोचणार. मग तिथे उपासना चालवायची कुणी? शाळामास्तरानं, नाहीतर ज्याला शास्त्र वाचता येतं अशा कुणा शेतकऱ्यानं.

ही नुसती अडचणीतून काढलेली वाट होती, असं समजू नका. मेथडिस्टांच्या घरचीच ती रीत. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमला, आणि त्यानं आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची असं ठरलं. प्रमुख घरोघर जायला लागला तेव्हा कुठे दारूचं व्यसन, कुठे नवरा-बायकोची भांडणं नजरेला यायला लागली. मग सगळ्यांनी एकत्र बसून आपापल्या आत्म्याची खबर एकमेकांना द्यायची, असा त्याचा 'क्लास' झाला. वर्गणी गोळा करता करता सत्संग उभा राहिला म्हणा ना! (आपल्याकडे बहुधा उलटं होतं.)

त्याच सुमारास लंडनमध्ये थॉमस मॅक्सफील्ड नावाचा एक साधा माणूस, दीक्षा नसताना, उपदेश करायला उभा राहिला. जॉन वेस्ली त्याला थांबवायला धावत आला. आई सुझॅनानं त्याला आवरलं. म्हणाली, बोलावणं तुला आहे तसंच त्यालाही आहे, आधी ऐकून तर बघ. वेस्लीनं ऐकलं आणि मान्य केलं. तिथून 'स्थानिक उपदेशक' ही व्यवस्था रूढ झाली. पगार नाही, दीक्षा नाही, स्वतःचा धंदा सांभाळून बोलायचं. मात्र परवाना लागतो, आणि तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. ही परवान्याची गोष्ट ध्यानात ठेवा.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. तुकोबा वाणी होते. कीर्तनाचं मोल घेऊ नये, हा वारकऱ्यांचा जुना दंडक. नारायण वामन टिळकांनी हे आतून ओळखलं होतं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम केलं, ख्रिस्ती कीर्तनं केली. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. टिळकांआधी मुंबईत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानं असंच केलं होतं. पगार सोडला, बाजारातल्या खोलीत राहिला, रस्त्यावर मराठीत बोलला. पुढे तो मेथडिस्टांनाच जाऊन मिळाला. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. पगारी माणूस बोलू लागला की ऐकणारा आधी विचारतो, याला हे बोलायचे किती मिळतात?

माझा विषय तत्त्वज्ञान, म्हणून किर्केगार्डचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. त्यानं १८४३ पासून जी धार्मिक प्रवचनं छापली, त्यांना तो 'उपदेश' म्हणायला तयार नव्हता. मला दीक्षा नाही, अधिकार नाही, म्हणून ही नुसती 'भाषणं', असं तो बजावून सांगे. मला हे फार मोलाचं वाटतं. अधिकार नसलेला माणूस 'तुम्ही असं करा' म्हणू शकत नाही. 'माझं असं झालं' एवढंच म्हणू शकतो. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत याला नेमका शब्द आहे, 'साक्ष'. घरगुती प्रार्थनासभेत 'उपासना संगीता'तलं एखादं गीत होतं, एक उतारा वाचला जातो, आणि मग कुणीतरी उठून साक्ष देतं. दुसरा त्यात आपली भर घालतो. हे प्रवचन नव्हे, हे मिळून केलेलं मनन. तर्काच्या दृष्टीनं ते विस्कळीतच असतं, पण ते खोटं ठरवायचं तर बोलणाऱ्याचं सगळं आयुष्य खोटं ठरवावं लागेल. आणि लहान वस्तीत सोमवारी सकाळी शेजारी ते आयुष्य बघतच असतो.

शिकलेल्या पाळकांना मी विरोध करतो आहे, असं कृपा करून समजू नका. शेजारच्या यवतमाळला १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' होती, आणि तिथलं शिक्षण भक्कम होतं. साक्षीतही ढोंग शिरतं. तीच ती साक्ष दहा वर्षं ऐकली की कंटाळा येतो. शास्त्र शिकलेला माणूस जवळ नसेल तर मोठा आवाज असलेलाच पुढारी होऊन बसतो.

पण सगळ्यात मोठी गफलत परवान्याची. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून किती मुली केडगावला आणल्या! १९०५ च्या जागृतीनंतर त्याच मुक्ती मिशनमधल्या मुली टोळ्या करून खेडोपाडी जाऊन बोलू लागल्या. मराठी मुलखात ठिकठिकाणी 'बायबल वुमन' अंगणात, विहिरीवर, बाळंतिणीच्या खाटेशी बसून गोष्टी सांगत होत्या. परका पुरुष जिथे पाऊल टाकू शकत नव्हता, तिथे त्याच उपदेशक. आणि अमेरिकन मेथडिस्टांच्या सर्वोच्च परिषदेनं १८८० मध्येच स्त्रियांचे स्थानिक उपदेशकाचे परवाने रद्द केले होते! म्हणजे ती जे करत होती त्याला 'उपदेश' म्हणायचं नाही, 'काम' म्हणायचं. सुझॅना वेस्लीच्या संप्रदायात हे व्हावं, ही गंमतच.

तो परवाना स्त्रियांना परत मिळाला १९२० मध्ये. १९०५ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी तोवर तिशीला आली होती, आणि पंधरा वर्षं बोलतच होती.