फ्रंट डिरेलर

फ्रंट डिरेलर हा गिअरच्या सायकलीतील, पॅडलजवळच्या एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर साखळी सरकवणारा भाग होय. या चक्रांना चेनरिंग म्हणतात. हँडलवरील शिफ्टर आणि पोलादी केबल यांच्या साहाय्याने डिरेलर चालवला जातो. जुन्या माउंटन बाइकवर पुढील गिअर बदलेनासे झाले की दोष डिरेलरचा मानण्याची प्रवृत्ती असते. प्रत्यक्षात तो बहुधा केबलमध्ये, शिफ्टरमध्ये किंवा डिरेलरच्या बसवणुकीत असतो आणि नवा डिरेलर न घेताही दूर करता येतो.

पार्श्वभूमी

जपानमधील शिमानो कंपनीने १९८२ साली माउंटन बाइकसाठी 'डिओरे एक्सटी' हा सुट्या भागांचा संच आणला. त्यानंतर या प्रकारच्या सायकलींवर पुढे तीन चेनरिंग असण्याची पद्धत रूढ झाली. २०१२ साली स्रॅम कंपनीच्या 'एक्सएक्स१' संचाने एकाच चेनरिंगची रचना पुढे आणली व नव्या माउंटन बाइकवरून फ्रंट डिरेलर हळूहळू नाहीसा होऊ लागला. त्यामुळे त्याच्या जुळवणीचे ज्ञान आज मुख्यतः जुन्या व कमी किमतीच्या सायकलींसाठी लागते.

रचना

डिरेलरमध्ये दोन पट्ट्यांचा एक पिंजरा असतो व त्यातून साखळी जाते. केबल ताणली की पिंजरा मोठ्या चेनरिंगकडे ढकलला जातो. ती सैल झाली की स्प्रिंग त्याला लहान चेनरिंगकडे परत आणते. 'एल' व 'एच' हे दोन स्क्रू पिंजऱ्याच्या अनुक्रमे आतील व बाहेरील हालचालीची सीमा ठरवतात.

सातारा व सांगली परिसरातील उपयोग

सातारा शहरातून यवतेश्वर घाटमार्गे कास पठाराकडे जाणारा रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा व चढाचा आहे. २६ इंची चाकाच्या सायकलीवर मागे २८ दात असतील, तर ४२ दातांच्या चेनरिंगवर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ३.१ मीटर, तर २२ दातांच्या चेनरिंगवर सुमारे १.६ मीटर पुढे जाते. म्हणजे लहान चेनरिंग मिळाली नाही, तर त्याच चढावर पायांना जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. साखळी चेनरिंगवरून आत पडली, तर भर चढात सायकलीचा वेग एकदम तुटून तोल जाण्याचा धोका असतो.

सांगली–मिरज भागातील सपाट रस्त्यांवर लहान चेनरिंगची गरज क्वचित पडते. दीर्घकाळ एकाच चेनरिंगवर चालवलेल्या सायकलीत डिरेलरचे सांधे धुळीने जाम होतात आणि शिफ्टरमधील ग्रीस घट्ट होते. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांसारख्या प्रसंगी सायकल पाण्यात राहिल्यास केबलच्या आवरणात गाळ शिरतो. असे आवरण धुऊन उपयोग होत नाही. केबल व आवरण दोन्ही बदलावी लागतात.

दोष व कारणे

• साखळी मोठ्या चेनरिंगवर चढत नाही : केबल सैल असणे, किंवा 'एच' स्क्रू जास्त आवळलेला असणे.
• साखळी लहान चेनरिंगवर उतरत नाही : केबल गंजलेली वा जास्त ताणलेली असणे, सांधे जाम असणे, किंवा 'एल' स्क्रू जास्त आवळलेला असणे.
• साखळी आत पडते : 'एल' स्क्रू सैल असणे.
• साखळी बाहेर पडते : 'एच' स्क्रू सैल असणे.
• शिफ्टर दाबला तरी पकड घेत नाही : आतील ग्रीस सुकणे.

जुळवणी

प्रथम केबल सोडून पिंजरा हाताने बाहेर ढकलावा. तो स्प्रिंगच्या जोराने सहज परत आला, तर दोष केबलमध्ये किंवा शिफ्टरमध्ये शोधावा. अडखळला, तर सांधे स्वच्छ करून तेल द्यावे. शिफ्टरमधील सुकलेले ग्रीस पातळ तेलाने धुऊन काढता येते.

पिंजऱ्याची बाहेरील पट्टी सर्वांत मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर व चेनरिंगला समांतर असावी. त्यानंतर साखळी पुढे लहान व मागे सर्वांत मोठ्या चक्रावर ठेवून आतील पट्टी साखळीला जेमतेम न लागेल इतपत 'एल' स्क्रू फिरवतात. शिफ्टर पहिल्या गिअरवर आणून केबल ताणून बांधतात. मग साखळी पुढे मोठ्या व मागे सर्वांत लहान चक्रावर नेऊन त्याच रीतीने बाहेरील पट्टीसाठी 'एच' स्क्रू लावतात. मधल्या चेनरिंगची जुळवणी मात्र स्क्रूने होत नाही. ती केबलच्या ताणाने करतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. केबलचा दोष स्क्रू फिरवून झाकण्याचा प्रयत्न केल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि साखळी पडण्याचा नवा दोष निर्माण होतो.

झिजलेले भाग

साखळीच्या २४ कड्यांची लांबी, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत, बरोबर १२ इंच असते. साध्या फूटपट्टीने मोजल्यावर ती एक षोडशांश इंच वा अधिक वाढलेली आढळल्यास साखळी बदलतात. पिंजरा वाकलेला असल्यास, सांधे खिळखिळे झाले असल्यास किंवा स्प्रिंग निकामी झाली असल्यास मात्र जुळवणी टिकत नाही व डिरेलर बदलणे आवश्यक ठरते. नवा डिरेलर घेताना सीटखालील नळीचा व्यास आणि केबल वरून येते की खालून, हे पाहावे लागते.